ओट्याखालचा पॉइंट

विजेला मी भितो, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे मागनं कुणी मला नावं ठेवायला नकोत. (तशी ती ठेवलीच जातात. पण आपण आधी कबूल केलं की जरा कमी लागतात.) भितो म्हणजे किती? तर इस्त्रीचं बटण दाबताना मी पायात रबरी चप्पल घालतो आणि तोंड दुसरीकडं फिरवतो. खोलीतला बल्ब गेला की मी त्याला आठ दिवसांची मुदत देतो. तेवढ्यात तो आपोआप आला तर बरं, नाहीतर बायको बदलते. (बल्ब बदलते.) लहानपणी जतकडच्या आमच्या गावी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला माझा हात लागला होता आणि मी जो उडालो तो शेजारच्या ज्वारीत जाऊन पडलो होतो. तेव्हापासून वीज आणि मी एकमेकांना ओळखतो, पण बोलत नाही.

असल्या माणसानं नव्या घरात विजेचे पॉइंट कुठं बसवायचे हे ठरवू नये. मी ठरवलं.

घर म्हणजे सांगलीत कुपवाड रस्त्याला आम्ही बांधलेलं. मी एका सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक. बायको दीपमाला झेडपीच्या शाळेत मास्तरीण. ती वाईची. सगळ्या वाईकरांचं मला माहीत नाही, पण ही बोलते मोजकं, आणि जे बोलते ते तिसरीच्या पोराला कळेल असं बोलते. घराचं काम लाइट फिटिंगपर्यंत आलं आणि नेमकं त्याच आठवड्यात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बॅग भरता भरता ती मला म्हणाली, "हे बघा, उद्या इंद्रजित येईल. स्वयंपाकघरातले पॉइंट ओट्याच्या वर घ्यायला सांगा, दोन फूट तरी. सिंकपासून लांब, गॅसपासून लांब. ओला हात चुकून लागला, असं व्हायला नको. आणि तो जाणता माणूस आहे, त्याला त्याचं काम करू द्या. तुम्ही फक्त चहा द्या."

'तुम्ही फक्त चहा द्या' हे मला लागलं. बावीस वर्षं मी ऑफिसात फायलींवर शेरे मारतोय. माझ्या शेऱ्यावाचून साहेबाची सही होत नाही. (होते. पण मला वाईट वाटू नये म्हणून साहेब आधी फाइल माझ्याकडं पाठवतात.) आणि माझ्याच घरात मी फक्त चहा द्यायचा?

दुसऱ्या दिवशी इंद्रजित आला. तिशीतला पोरगा, अंगानं काटकुळा, कानावर पेन्सिल. मी चहा दिला, आणि त्याच हातानं त्याच्या हातातला खडू काढून घेतला.

"सायेब, मार्किंग मी करतो की," तो म्हणाला.

"थांबा. मला सांगा, स्वयंपाकघरात पाणी कुठं असतं?"

"सिंकमधी."

"आणि?"

"ओट्यावर बी सांडतंय थोडं."

"मग ओट्याच्या वर पॉइंट घ्यायचा म्हणजे पाण्याच्या शेजारी वीज नेऊन बसवायची. ओट्याच्या खाली पाणी असतं का?"

"ओट्याखाली कशाला असंल?"

"मग घ्या ओट्याखाली."

इंद्रजितनं चहाचा कप खाली ठेवला. आमचा ओटा असा आहे की पश्चिमेच्या टोकाला सिंक आणि पूर्वेच्या टोकाला गॅस. गॅसकडचं टोक मोकळं आहे, तिथं मागचं दार. त्या टोकाला ओटा ज्या उभ्या फरशीवर टेकलाय, त्या फरशीवर, ओट्याच्या कडेपासून वीतभर खाली मी खडूनं गोल काढला. सिंकपासून यापेक्षा लांबची जागा त्या खोलीतच नव्हती. पाण्याला इथपर्यंत यायचं तर रिक्षा करून यावं लागलं असतं.

"सायेब, ह्याच्या बरोबर वर गॅस येतोय," इंद्रजित म्हणाला.

"गॅस म्हणजे आग. आग म्हणजे काय पाणी आहे का?"

"तसं न्हवं, वरनं कायतरी सांडलं तर—"

"इंद्रजितराव," मी म्हणालो, "मी विजेला तुमच्यापेक्षा जास्त वर्षं भितोय."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, गोलाशेजारी फरशीवर लिहिलं, 'मालकांच्या सांगण्यावरून', आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी खाली बसून सही केली. तारीखही घातली. जन्मभर लोकांच्या सह्या घेणाऱ्या मला सही करताना असला अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

दीपमाला परत आली तेव्हा फिटिंग पुरं झालं होतं. तिच्या हौसेखातर इंद्रजितनं ओट्याच्या वर दोन पॉइंट घेतले होते, ते मी चालवून घेतलं. तिनं खाली वाकून माझा पॉइंट पाहिला, मग इंद्रजितकडं पाहिलं, आणि म्हणाली, "बरं." एवढंच. मी तो माझा विजय समजलो आणि संध्याकाळी भेळ आणली.

पुढचे पंधरा दिवस सुखात गेले. वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी माझी आई आली आणि सुख संपलं.

आई, बयाबाई, गावाकडंच राहते. आमचं मूळ घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. मी शिकून ऑफिसात चिकटलो, पण चुलतभावाची मेंढरं अजून आहेत. आई पहाटेच्या एसटीनं आली ती मांडीवर मेंढीच्या दुधाचा कॅन घेऊन. तिच्याबरोबर माझा मामा, नानासो. मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला, ताठ, आणि हातात काठी. (चालायला लागत नाही. धाक म्हणून.) मागोमाग जीपनं भाऊबंद आले. बघता बघता घरात तीस-चाळीस माणूस झालं.

पूजा आटपली तशी आई उठली. परत एकदा न्हाऊन आली, केस ओले, पाय अनवाणी. तिनं स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर पाण्याचा सडा मारला. चांगला तांब्याभर. मी दारातनं बघत होतो. ओली फरशी बघून मी एक पाऊल मागं घेतलं, पण एकच.

"मल्हाऱ्या," आई म्हणाली, "चल बाबा, दूध उतू घालू."

हे तुम्हाला सांगायला हवं. नव्या घरात दूध उतू घालायची रीत सगळ्यांकडंच आहे. पण आमच्या घरात नुसतं दूध उतू जाऊन भागत नाही. ते कुठल्या अंगाला जातंय ते बघतात. आमच्याकडं आईचं पक्कं आहे, की दूध पूर्वेला जायला पाहिजे. पाऊस पडतो तिकडं पश्चिमेला, पाचगणी-महाबळेश्वराकडं. आमच्यापर्यंत येता येता त्याचा दम निघतो. दूध पूर्वेला गेलं तर पाऊसही पूर्वेला जाईल, असा हिशोब. आणि पातेल्यातून ओट्यावर, ओट्यावरून कडेला आलेला पहिला थेंब घरातल्या म्हातारीनं ओंजळीत धरायचा आणि लेकाच्या, सुनेच्या कपाळाला लावायचा.

"तुज्या बापानं घर बांधलं तवा दूध उत्तरंला गेलं," आई म्हणाली. "जलमभर टँकरची वाट बगितली आमी. ह्या घरात तसं हू द्यायचं न्हाई."

असं म्हणून तिनं गॅसवर पातेलं ठेवलं, काठोकाठ दूध ओतलं, आणि पातेल्याच्या पश्चिमेच्या बुडाखाली खापरीचा तुकडा सारला. पातेलं पूर्वेकडं किंचित कललं. (देवाला हातभार लावायचा, फसवायचं नाही, असं तिचं म्हणणं.) मग तिनं ओंजळ करून बघितली, नीट कुठं धरायची ते. ओट्याच्या पूर्वेच्या कडेखाली. वीतभर खाली.

माझ्या पॉइंटच्या बरोबर तोंडाशी.

मी दाराची चौकट धरली. डोळ्यांपुढं सगळं लख्ख दिसायला लागलं. वरून दूध येणार, ओट्यावरून ओघळणार, त्या तीन भोकांत शिरणार, आणि तिथंच माझी आई, सत्तर वर्षांची, ओल्या फरशीवर, अनवाणी, ओल्या हातांची ओंजळ करून. वर हातात पितळी बांगड्या. आणि फरशीवर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'मालकांच्या सांगण्यावरून', खाली माझी सही.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना सरळ. सांगायला गेलो. तोंड उघडलं. पण समोर सगळे भाऊबंद. सकाळपासून मी त्यांना तो पॉइंट दाखवत फिरलो होतो. "हे माझं डोकं," असं प्रत्येकाला सांगितलं होतं. आता त्याच लोकांसमोर म्हणायचं, की माझ्या डोक्यानं माझ्या आईला मारायची सोय केलीय?

"आई," मी म्हणालो, "दूध जरा जास्त होतंय. निम्मं काढू का?"

"काडू नगंस. निम्मं उतू कवा जायाचं?"

"मग सिंककडं ठेवूया पातेलं. तिकडं स्वच्छ आहे."

"गॅस हितं, आन पातेलं तितं? तुला बरं वाटंना का?"

आई हळदीकुंकू आणायला वळली तेवढ्यात मी पुढं सरकून खापरीचा तुकडा पश्चिमेकडून काढला आणि पूर्वेला घातला. ती आली, तिनं पातेल्याकडं बघितलं, काही न बोलता तुकडा काढून परत पश्चिमेला घातला. मी परत संधी साधली. तिनं परत फिरवला. तिसऱ्यांदा तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, "लहानपनापासनं असाच हाय. चुलीपाशी गेला की काड्या करतुया."

गॅस बारीक करून बघितला. आईनं मोठा केला. प्लास्टिकची पिशवी घेऊन पॉइंटवर चिकटवायला गेलो. "देवाच्या कामात पिलॅस्टिक कसलं?" म्हणून तिनं ती काढून टाकली, आणि काढताना तिचा ओला अंगठा पॉइंटच्या पट्टीवरून फिरला. माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा ती जिवंत होती आणि कुंकू कालवत होती.

दीपमाला बायकांना ओटी भरायचं सामान देत होती. मी तिला डोळ्यांनी खुणावलं. ती जवळ आली.

"काय झालं? घामेजलाय किती."

"काही नाही. इंद्रजित कुठंय?"

"मांडवात जेवणाचं बघतोय. का?"

"काही नाही," मी म्हणालो. बायकोला सांगणं तर भाऊबंदांना सांगण्यापेक्षा अवघड होतं. 'गॅसपासून लांब' हे शब्द तिच्या तोंडचे होते.

मांडवात इंद्रजितला आम्ही टॉवेल-टोपीचा आहेर केला होता. ती टोपी घालून तो आमटीच्या पातेल्यावर उभा होता. मी त्याला बाजूला ओढलं.

"इंद्रजित, ओट्याखालच्या पॉइंटात दूध गेलं तर काय होईल?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मागं उभ्या असलेल्या पाहुण्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "काय हुत न्हाई सायेब."

"काय होत नाही? अरे वीज आहे ती."

"काय हुत न्हाई म्हनलं न्हवं. तुमी निवांत ऱ्हावा." आणि तो आमटी ढवळायला लागला. कामगारांच्या बेफिकिरीबद्दल मी पेपरात पुष्कळ वाचलं होतं, पण इतकी समोर बघितली नव्हती.

आता मेन स्विच एवढाच उपाय राहिला. मेन स्विच बाहेर व्हरांड्यात. तो मी जन्मात कधी हातानं ओढला नव्हता. पण आईसाठी ओढायचा ठरवलं. मी व्हरांड्यात गेलो, तर मेन स्विचखाली खुर्ची टाकून नानासो मामा बसलेला. काठी मांडीवर आडवी.

"कोन हाय?"

"मी मल्हार. मामा, जरा सरकता का?"

"का?"

"मेन बंद करायचाय. दोनच मिनिटं."

"न्हाई जमायचं. बयाची ऑर्डर हाय. दूध उतू जाईस्तवर घरातली लाईट जाता कामा न्हाई, अपशकुन हुतोय. मला ड्यूटी दिलीया हितं."

"मामा, फार महत्त्वाचं आहे."

"मग लेखी आन."

माझा मामा आहे तो. मी ऑफिसात लोकांना जे सांगतो तेच त्यानं मला सांगितलं. तेवढ्यात आतून बायकांचा गलका आला. "आलं, आलं. वर आलं." मी आत पळालो.

मेंढीचं दूध घट्ट असतं. साय आधी नुसती थरथरली, मग मधोमध फुगली. सगळे भाऊबंद दाराशी गोळा. आई ओट्याच्या टोकाला जाऊन उकिडवी बसली. केसातलं पाणी पाठीवर ठिपकत होतं. तिनं ओंजळ पुढं केली. ओंजळीत आणि पॉइंटमध्ये दोन बोटांचं अंतर. साय काठाशी आली. आई हसत होती. इतकी आनंदानं हसताना मी तिला वडील गेल्यापासून बघितलं नव्हतं.

साय फाटली. दूध काठावरून पूर्वेला कललं.

मी काय केलं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. मी म्हणे गर्दीतून चौघांना ढकलून गेलो, आईच्या आणि पॉइंटच्या मध्ये बसकण मारली, पाठ पॉइंटला लावली, आणि आईचे दोन्ही हात धरून बोंबललो. सांगलीत बावीस वर्षं कमावलेली ऑफिसातली भाषा एका क्षणात गेली. "आये, हात काड. त्यात करंट हाय. म्या बसिवलाय त्यो पॉइंट, माज्या हातानं गोल काडला. समदी नगं म्हनत हुती, दीपा बी नगं म्हनली हुती, म्या ऐकलं न्हाई. माजी चूक हाय आये, माजी चूक हाय."

आणि वरून दूध आलं. ओट्यावरून ओघळून माझ्या डोक्यावर, डोक्यावरून मानेवर, मानेवरून सदऱ्यात पाठीवर. गरमागरम. मला वाटलं, लागला. हाच तो.

"लागला," मी ओरडलो. "करंट लागला मला. कुनी हात लावू नका."

बायका मागं हटल्या. कुणीतरी "यव्वा" म्हणून मटकन खाली बसलं. आणि व्हरांड्यातून नानासो मामा धावत आला. मिलिटरीत त्याला शिकवलेलं असं, की करंट लागलेल्या माणसाला हातानं ओढायचं नाही, कोरड्या लाकडानं बाजूला करायचं. काठी कोरडीच होती. पहिला तडाखा माझ्या खांद्यावर बसला. "सोड," मामा म्हणाला, "सोड म्हनतो." मी काही धरलेलंच नव्हतं तर सोडणार काय. दुसरा तडाखा दंडावर. तिसऱ्याला त्यानं काठी उचलली तेव्हा मागून इंद्रजितनं ती धरली. त्याच्या डोक्यावरची आहेराची टोपी तिरकी झाली होती.

"मामा, थांबा, थांबा. त्यात लाईनच न्हाई."

दूध माझ्या कानामागून ठिपकत होतं.

"काय नाही?" मी विचारलं.

"लाईन न्हाई सायेब. नुसती पट्टी बसिवलीया. माघारी वायर न्हाई कसली. मॅडमनी वाईहून फोन केलता."

मी दीपमालाकडं बघितलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती. हसत असेल असं मला वाटलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी म्हटलं तुम्ही रुसाल," ती म्हणाली. "रुसलात की चार दिवस जेवत नाही. म्हणून म्हटलं, असू दे तिथं, दिसायला काय जातंय. हे असं व्हायचं माझ्या ध्यानात आलं नाही हो."

आई अजून माझ्यासमोर तशीच बसली होती. तिनं माझ्या केसांवरचं दूध हळूच ओंजळीत निथळून घेतलं, आधी माझ्या कपाळाला लावलं, मग हात वर करून दीपमालाच्या. "दूध पूर्वंलाच गेलं," ती म्हणाली. "मधी माजं लेकरू आडवं आलं म्हून त्येच्या अंगावर गेलं. इजंला एवढा भितुया, आन माज्याम्होरं यिऊन बसला." आणि तिनं माझी मान छातीशी धरली. खरं सांगतो, मला रडू आलं. भाऊबंदांसमोर, सदऱ्यात दूध, खांद्यावर काठीचा वळ, आणि मी हुंदके देतोय. लाज वाटली नाही. माझी आई जिवंत होती, बाकीच्याची मला फिकीर नव्हती.

पण रडू ओसरलं तसा मला राग आला. आईवर येत नाही, बायकोवर येऊन उपयोग नाही, म्हणून तो इंद्रजितवर आला.

"मघाशी मांडवात विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"पाव्हणी हुती सायेब माघारी. चारचौघांत तुमची इज्जत जायाची." त्यानं बिचाऱ्यानं माझी इज्जत राखली होती. ती मग मी चाळीस जणांसमोर घालवली. "आन तुमी खिशातला टेस्टर लावून बगितला असता तरी कळलं असतं. दिवाच लागला नसता."

टेस्टर माझ्या खिशात होता. घर बांधायला काढल्यापासून रोज होता. पण टेस्टर लावायचा म्हणजे हात पॉइंटजवळ न्यावा लागतो.

"म्हणजे तू मालकाला फसवून खोटे पॉइंट बसवतोस?"

"फशिवत न्हाई सायेब," इंद्रजित शांतपणे म्हणाला. "धंद्यात करावंच लागतंय. प्रत्येक घरात एक तरी मालक असतोय, त्येला सोताचं डोकं चालवायचं असतंय. त्यो म्हनंल तितं एक पट्टी बसवायची, वायर वडायची न्हाई. मालक बी खूश, घर बी जळत न्हाई. आमच्या लाईनीत त्येला मालकाचा पॉइंट म्हनत्यात. कुनाकडं एक असतोय, कुनाकडं दोन."

"आणि माझ्याकडं?"

इंद्रजितनं दीपमालाकडं बघितलं.

"इंद्रजित, माझ्याकडं किती?"

"सात," तो म्हणाला.

मी हिशोब लावायला लागलो. दीपमाला वाईला होती त्या चार दिवसांत मी घरात अजून थोडं मार्गदर्शन केलं होतं, हे खरं. न्हाणीघराच्या दाराबाहेर दोन, देवघरात गणपतीच्या मागं एक, जिन्याखाली दोन, माझ्या पलंगाच्या उशाशी एक. उशाच्या पॉइंटवर परवा, राहायला येण्याआधी, मी फोन चार्जिंगला लावून बघितला होता. तासाभरानं येऊन पाहिलं तर बॅटरी दोन टक्के कमी झाली होती. मी दीपमालाला म्हणालो होतो, नव्या घरात लाइट सुरुवातीला जरा संथ असते. ती तेव्हाही "बरं" म्हणाली होती.

"म्हणजे या घरात," मी म्हणालो, "मी सांगितलं आणि खरं झालं, असं काहीच नाही?"

सगळे माझ्याकडं बघत होते. नानासो मामानंसुद्धा काठी मागं घेतली. इंद्रजितला माझी दया आली असावी.

"असं कसं, सायेब? दारावरची बेल हाय की. तुमी सांगितलं तितंच बटन बसिवलंय. वायर मी सोता वडलीया."

मी उठलो. दूध निथळत होतं, तसाच बाहेर गेलो. मागं दार ओढून घेतलं, म्हणजे कसं रीतसर होईल. बटणासमोर उभा राहिलो. बोट पुढं नेताना तोंड दुसरीकडं फिरायला लागलं, पण आजच्या दिवशी ज्यानं आईसाठी अंगावर दूध घेतलं त्यानं बटणाला काय भ्यायचं. दाबलं.

काही ऐकू आलं नाही. मी कान दाराला लावला आणि परत दाबलं, जरा जास्त वेळ.

मग आईचा आवाज आला. ती हळू बोलत होती, पण दार नवीन आहे, अजून नीट बसलेलं नाही, सगळं ऐकू येतं.

"वाजली म्हना रं कुनीतरी. भाईर हुबा हाय लेकरू."

"वाजली, वाजली," आतून तीस-चाळीस माणसं एकदम म्हणाली.